माहेरच्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यातून काय मिळतं, आणि ते मिळवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुरतेत नोकरीला असलेले एक भाऊ विचारतात: बायकोला सातवा लागलाय, पहिलंच बाळंतपण आहे, होळी झाली की ती चोपडा तालुक्यात माहेरी येणार. तारीख मे अखेरची. गावात उपकेंद्र आहे, थोड्या अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे नेमकं काय मिळतं, माहिती कोण देतं, आणि भरवसा ठेवावा का?

मी नर्सबाई म्हणून लागले आणि एल.एच.व्ही. म्हणजे नर्सबायांवर देखरेख करणारी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. नोकरी सगळी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत गेली, त्यामुळे सांगते ते तिथलं सांगते. भरवशाचं नंतर बोलू. आधी नोंदीचं बोलू, कारण भाऊ, बाकी सगळं त्या एका गोष्टीवर अडतं.

आरोग्य खातं रजिस्टरवर चालतं. बाईचं नाव रजिस्टरला चढलं की आशाताई आपण होऊन दारात येते, सिस्टर तारखेला बोलावते, नाही आलात तर निरोप धाडते, कारण महिन्याच्या मीटिंगला तिला त्या नावाचा हिशोब द्यावा लागतो. नाव नसलं की तुम्ही उपकेंद्राच्या भिंतीला लागून राहा, कोणी विचारणार नाही. आणि माहेरवाशीण नेमकी यातूनच निसटते. सुरतेच्या यादीत नाव आहे पण ती तिथे राहत नाही, माहेरी राहते पण इथल्या यादीत नाव नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आमच्या पावरा-भिल बायांचंही हेच होतं. दिवाळीनंतर जातात, होळीला येतात, मधल्या चार महिन्यांच्या तपासण्या ना इकडे ना तिकडे. म्हणून आम्ही भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या आठवड्यात गरोदर बायका शोधत फिरायचो, तेव्हा सगळी माणसं एका जागी सापडतात.

तर माहेरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिने आशाताईला भेटायचं. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते, त्यामुळे गल्लीत कोणालाही विचारलं तरी घर दाखवतील. सोबत सुरतेचं ममता कार्ड (गुजरातचं माता-बाल कार्ड), सोनोग्राफीचे आणि रक्ताचे सगळे कागद, आधार आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. गुजरातची ऑनलाइन नोंद इथल्या सिस्टरच्या मोबाईलमध्ये आपोआप उमटेल असं धरून चालू नका. इथे नव्याने नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं, रक्तगट कोणता, साखर तपासली का, हे सगळं त्या कार्डावर उतरवून घ्या. "आहे ना तिकडे, कशाला परत," असं कोणी म्हणालं तर गोड बोलून पण ठामपणे करून घ्या. रात्री दोन वाजता दवाखान्यात जी सिस्टर ड्युटीवर असेल ती हे एकच कार्ड बघणार आहे.

कागद अपुरे असले म्हणून तपासणी किंवा बाळंतपण कोणी नाकारू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. कागद लागतात ते पैशाच्या योजनांना. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्याला पात्रतेच्या अटी आहेत. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात ७०० रुपये आहेत, ते दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बायांना. अडचण बहुतेक नावाची असते. आधारावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, मग हप्ता अडकतो. ते आत्ताच जुळवून ठेवा.

आता काय मिळतं ते. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी गावातल्या अंगणवाडीत ग्राम आरोग्य पोषण दिवस भरतो. कोपऱ्यातल्या टेबलावर बीपीचं मशीन, खाली वजनकाटा, खिडकीजवळ लशीचा निळा डबा, आणि आडोसा म्हणून दोरीवर टाकलेली साडी. एवढ्यावर सिस्टर पंधरा-वीस बाया तपासते. पोटावरून बाळाची वाढ बघते, ठोके ऐकते, लघवीत प्रोटीन आहे का बघते, बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन काढते. दिसायला साधं आहे, पण बाळंतपणात जीव जातात त्यातली बरीच कारणं याच टेबलावर आधी सापडतात. बीपी १४०/९० किंवा वर गेलं, चेहरा सुजला, लघवीत प्रोटीन आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

याशिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वरच्या दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बाया त्या दिवशी डॉक्टर स्वतः तपासतात. ९ ला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तुमच्या बायकोला मार्च, एप्रिल आणि मे असे तीन दिवस सापडतात. तिन्ही वेळा न्या. गर्दी असते, बसायला जागा नसते, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी सोबत असू द्या. जोखमीची बाई असेल तर कार्डावर तशी खूण त्याच दिवशी होते आणि बाळंतपण कुठे करायचं ते ठरतं.

लोहाच्या गोळ्यांबद्दल जरा जास्त बोलते, कारण आमची अर्धी नोकरी यातच गेली. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. फुकट मिळतात, सगळ्या बाया घेतात, आणि निम्म्या बाया खात नाहीत. "गोयी खादी का वं माय?" विचारलं की "खादी ना" हे उत्तर ठरलेलं. मी पुढे विचारायची, शी काळी होते का? गोळी पोटात गेली की होतेच. नाही म्हणाली की समजायचं, पाकिटं कणगीमागे पडलीत. मळमळतं म्हणून खात नाहीत, ते खरंही आहे. रात्री जेवणानंतर, झोपताना घ्यायची, मग त्रास कमी होतो. चहाबरोबर आणि चहानंतर लगेच नको, चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडे तर दिवसातून चार वेळा चहा. कॅल्शियमची गोळी वेगळी, तीही लोहाबरोबर घ्यायची नाही, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजायचं. ७ च्या खाली असेल तर गोळीवर थांबायचं नाही, दाखल करून उपचार. आठव्या महिन्यात अजून ८-९ वरच घुटमळत असेल तर शिरेतून लोह देता येतं का हे डॉक्टरांना विचारा. दादर ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी, डाळी, गूळ-शेंगदाणे हे सगळं हवंच, पण सातव्या महिन्यात नुसत्या खाण्यावर रक्त भरून निघायला वेळ पुरत नाही.

आणखी एक तपासणी आमच्या भागात आवर्जून करा, सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची. ही आदिवासी समाजात जास्त आढळते म्हणून बाकीचे नाक मुरडतात, आणि आदिवासी घरात लग्न मोडेल म्हणून लपवतात. दोन्ही चूक. सोल्युबिलिटीची साधी चाचणी आरोग्य केंद्रात होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी वरून होऊन येते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, आदिवासी भागांतल्या ० ते ४० वयाच्या सगळ्यांची तपासणी यात धरली आहे. बाई नुसती वाहक निघाली तर तिला काही आजार नाही, औषधही नाही. पण मग तुमचीही तपासणी झाली पाहिजे. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार येण्याची शक्यता चारात एक असते, आणि असं बाळ जन्मल्याबरोबर तपासून औषधपाण्याखाली ठेवलं तर त्याचे बरेच हाल टळतात. बाईलाच आजार असेल तर बाळंतपण गावाजवळ करायचंच नाही, जिथे रक्त आणि तज्ज्ञ दोन्ही आहेत तिथेच.

यावरून बाळंतपण कुठे करायचं हा प्रश्न. साधं, जोखीम नसलेलं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात उत्तम होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. जिथे महिन्याला बरीच बाळंतपणं होतात तिथल्या सिस्टरचा हात बसलेला असतो. म्हणून गेल्यावर सरळ विचारा, "मागच्या महिन्यात इथे किती झाली?" आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेला असतो. एखाद-दुसरं बाळंतपण होणारं केंद्र असेल तर मी माझ्या लेकीला तिथे ठेवणार नाही, इमारत कितीही नवी असो. पहिलटकरीण आहे, म्हणून उपजिल्हा रुग्णालयाची तयारी डोक्यात असलेली बरी. तिथे विचारताना "ऑपरेशन थिएटर आहे का" असं विचारू नका, थिएटर असतंच. भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात आणि रात्री बोलावले तर येतात का, हे विचारा. सिझेरियन भूलतज्ज्ञावर अडतं. दुसरा प्रश्न, रक्त साठवणुकीची सोय आहे का आणि तिच्या गटाचं रक्त मिळतं का. निगेटिव्ह गट असेल तर हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. तिसरा, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळासाठी विशेष कक्ष तिथे आहे की जळगावला न्यावं लागेल. या तीन उत्तरांवर दवाखाना निवडा. सासऱ्यांच्या ओळखीचा कंपाउंडर कुठे आहे त्यावर नको.

खर्चाचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, बाईचं जेवण, घरून आणणं, गरज पडली तर वरच्या दवाखान्यात नेणं आणि बाळासह परत घरी सोडणं, सगळं मोफत. बाळ आजारी पडलं तर वर्षभरापर्यंत त्याचे उपचारही यातच येतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. मुलगा झाला म्हणून पेढ्याचे पैसे मागणारे मात्र अजून भेटतात. द्यायचे नाहीत, आणि भीतीही बाळगायची नाही.

गाडीचं आधीच ठरवा. १०२ ही गाडी गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी, ती बहुधा आरोग्य केंद्रात उभी असते. १०८ तातडीच्या सगळ्या रुग्णांसाठी, तिच्यात डॉक्टर असतात. १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो. नंबर सगळ्यांना पाठ आहेत, पण वेळ आली की गाडी दुसऱ्या गावाला गेलेली असू शकते. म्हणून केंद्राच्या गाडीच्या चालकाचा नंबर आशाताईकडून घ्या, आणि गावातली एक खासगी गाडी बोलून ठेवा, चालकाच्या नावानिशी. डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्तस्राव झाला, पाणी गेलं, झटका आला, ताप भरला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आशाताईला उठवा. ती दवाखान्यात सोबत येते, आणि तिच्या सोबत असण्याने दारावरचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता आपल्या खान्देशाचा मे महिना. पारा ४४-४५ ला टेकतो, हे सुरतेहून येणाऱ्याने गृहीत धरलेलं नसतं. गरोदर बाईला दुपारी अकरा ते चार बाहेर काढू नका, तपासणीचा दिवस असेल तर सकाळी लवकर निघा. पाणी, ताक, लिंबू-सरबत चालू ठेवा, आणि मीठ-साखरेची पाकिटं आशाताईकडे फुकट मिळतात ती घरात असू द्या. बीपी वाढलेलं असेल तर मीठ घातलेलं पेय किती घ्यायचं ते सिस्टरला विचारून. उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं म्हणून घरोघर टाक्या, पिंपं, रांजण भरलेले, आणि त्यातच डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासा, किंवा घट्ट झाका. आरोग्यसेवक भांडी तपासायला आला तर त्याला दारातून परत पाठवू नका.

बाळंतिणीची खोली मात्र मला अजून राग आणते. मे महिना, पत्र्याचं घर, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, आणि बाळ दुपट्यावर दुपट्यात गुंडाळलेलं! आजीचा जीव असतो त्यात, मान्य. पण बंद खोलीत कोळशाच्या धुराने आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं, आणि उष्णतेने बाळाला ताप चढतो. बाळाला आईच्या अंगाशी ठेवा, हलकं सुती अंगडं, हवा खेळती ठेवा. जन्मल्यावर तासाभरात पहिला चीक पाजायचाच. नंतर सहा महिने फक्त अंगावरचं दूध, इतक्या उन्हातही वरचं पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय. नाळेवर तेल, हळद, राख काही नको, कोरडी ठेवा. हे सगळं सासूबाईंना तुम्ही फोनवर सांगून पटायचं नाही. आशाताईला सांगा, दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते. तिच्यासमोर आजी जरा नरमतात.

माहिती कोणाला विचारायची हे तुम्ही विचारलंत, त्यात एक घोळ आहे जो गावात कोणालाच ठाऊक नसतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथे अडलं तर आधी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या हाताखाली. आणि जळगावचं किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्याचं, तिथे अधिष्ठाता. लोक उपजिल्हा रुग्णालयाची तक्रार घेऊन पंचायत समितीत जातात, तिथला बाबू मान हलवतो, आणि अर्ज तिथेच राहतो. तक्रार लेखी, तारीख घालून, पोच घेऊन, आणि ज्याच्या ताब्यातला दवाखाना आहे त्याच्याकडेच द्या. प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भागात सेवांचा फलक असतो, औषधांच्या साठ्याचाही. लोक तो वाचत नाहीत. दोन मिनिटं उभं राहून वाचलात आणि त्यातलं औषध नाव घेऊन मागितलंत तर "बाहेरून आणा" म्हणणाऱ्याचा सूर बदलतो.

भरवशाचं विचाराल तर माणसागणिक वेगळं आहे. एका केंद्रात डॉक्टर मुक्कामी राहतात, दुसऱ्यात पाचला कुलूप लागतं. म्हणून मार्चमध्येच एकदा संध्याकाळी सातनंतर सासऱ्यांना केंद्रावर चक्कर मारायला सांगा. दिवा आहे का, सिस्टर आहे का, गाडी आहे का, तेवढं बघून येतील. दिवसा भेट देऊन हे कळत नाही.

बाळाच्या जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, सुरतेत नाही. २१ दिवसांच्या आत केली तर काही खटपट नाही, बाळाचं नाव नंतर घालता येतं, पण आई-वडिलांची नावं आधारप्रमाणे अक्षर न अक्षर तपासूनच सही करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, त्यातली चूक पुढे फार महागात पडते. घरी जायच्या आधी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आतली कावीळ-बी ची लस कार्डावर तारखेसह चढली आहे का बघा. पुढच्या लशी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, म्हणजे मे अखेरच्या बाळाला जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये. बाळाला थोडी सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलायची नाही. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर घाबरायचं नाही, त्याचं औषध सिस्टर देते. साडेतीन महिन्यांची लस इथेच उरकून मग सुरतेला न्या. निघताना कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंद झाली आहे का ते सिस्टरकडून बघून घ्या, आणि आशाताईला सांगून निघा म्हणजे ती रजिस्टरला "स्थलांतरित" लिहील. सुरतेत पोहोचलात की तिथल्या ममता दिवसाला, म्हणजे आपल्या ग्राम आरोग्य पोषण दिवसासारख्या दिवशी, बाळाचं नाव घाला. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारी अखेरीस पडते.